कुलगुरू महोदय, पोरांना डोंगरी बुजुर्गला धाडा

प्रति,
माननीय कुलगुरू,
लक्ष्मीनारायण अभिनव तंत्रज्ञान विद्यापीठ, नागपूर

महोदय,



आपल्या विद्यापीठाला ज्यांचे नाव आहे ते रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण कामठीचे खाणमालक होते. १९३० साली त्यांच्या मिळकतीतून सुमारे ३५ लाख रुपये नागपूर विद्यापीठाला मिळाले, ते उपयोजित विज्ञान आणि रसायनशास्त्र शिकवण्यासाठी. १९४२ मध्ये एलआयटी उभी राहिली आणि २०२३ मध्ये तिचे स्वतंत्र विद्यापीठ झाले. हे सारे आपल्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. पण मी ज्या गावातून हे पत्र लिहितो आहे तिथून या इतिहासाची दुसरी बाजू दिसते. त्या काळी कामठी-नागपूरचे खाणमालक श्रीमंत झाले ते मुख्यतः मँगनीजवर, आणि ते मँगनीज नागपूर, भंडारा, बालाघाट या पट्ट्यातले. तुमसर तालुक्यातले आमचे नाकाडोंगरी याच पट्ट्यात आहे. थोडे पुढे गेले की महाराष्ट्र संपतो.

शेजारी डोंगरी बुजुर्गची उघडी खदान आहे, चिखल्याला जमिनीखालची. १८९६ मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट नावाने जे काम सुरू झाले, त्याचेच पुढे १९६२ मध्ये सरकारी भागीदारीत ‘मॉइल’ झाले. लुइस फर्मॉर या भूवैज्ञानिकाने १९०९ मध्ये इथल्या मँगनीजवर जाडजूड ग्रंथ लिहिला आणि इथल्या एका खडकाला गोंडांवरून ‘गोंडाइट’ नाव दिले. जगभरचे भूशास्त्राचे विद्यार्थी आजही हे नाव पाठ करतात. केमिकल इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांनी मात्र डोंगरी बुजुर्गचे नाव ऐकलेले नसते. तिथे खदानीला लागूनच इलेक्ट्रोलिटिक मँगनीज डायऑक्साइडचा कारखाना आहे आणि तो देशी तंत्रज्ञानावर उभा राहिलेला आहे, हे तर दूरच.

मी स्वतः केमिकलचा पदवीधर. नोकरीची वर्षे रिॲक्टर, बाष्पक आणि पाळ्यांमध्ये गेली; आता गावी धान लावतो. तेव्हा हे पत्र शिक्षणतज्ज्ञाचे नाही. अलीकडे आपल्या क्षेत्रात दोन गोष्टींचा गजर फार ऐकू येतो. एक, विद्यार्थ्याने स्वतः प्रश्न विचारत, शोध घेत शिकावे. दुसरी, सॉफ्टवेअर आणा. दोन्ही मला मान्य आहेत. त्यांचा क्रम मात्र बहुतेक ठिकाणी उलटा लागतो: आधी सॉफ्टवेअर येते, मग त्याला साजेसा प्रश्न शोधला जातो. माझे म्हणणे एवढेच की प्रश्न इथे, आमच्या शेजारी, तयार पडले आहेत. पोरांना आधी इथे धाडा. संगणक नंतर उघडा.

कॉलेजांच्या बसेस इकडे येतच नाहीत असे नाही. येतात. कोणाच्या ते सांगत नाही, कारण सगळ्यांचे सारखेच असते. हेल्मेट डोक्यावर चढते, एक साहेब पुढे चालत मोठ्याने माहिती सांगतात, मशीनच्या आवाजात मागच्या निम्म्यांना काही ऐकू जात नाही, फाटकाशी ग्रुप फोटो होतो, आणि परतीच्या वाटेवर गाणी. ‘इंडस्ट्रियल व्हिजिट’चा अहवाल मागच्या बॅचच्या अहवालावरून निघतो. गुण मिळतात. एवढ्यात कोणी एक साधा प्रश्न विचारला असता तर दुपार सत्कारणी लागली असती.

तो प्रश्न असा. डोंगरीचे चांगले खनिज मुळातच मँगनीज डायऑक्साइड आहे. टॉर्चचा जुना सेल फोडला की आतून निघते ती काळी भुकटी, तीच. मग जे आधीच डायऑक्साइड आहे त्याला भट्टीत कोळशासारख्या पदार्थाबरोबर भाजून त्याचा ऑक्सिजन काढायचा, गंधकाम्लात विरघळवायचे, लोह आणि इतर धातू गाळून बाजूला करायचे आणि शेवटी विजेच्या टाकीत पुन्हा डायऑक्साइडच बनवायचे, हा उपद्व्याप कशासाठी? जगात बऱ्याच ठिकाणी ही पद्धत साधारण अशीच आहे. पण का आहे, याचे उत्तर शोधायला विद्यार्थ्याला तीन वेगवेगळ्या विषयांची पुस्तके उघडावी लागतात. डायऑक्साइड सौम्य गंधकाम्लात सहजासहजी विरघळत नाही, म्हणून आधी भाजणे. लोह, तांबे, निकेल यांचे अंश राहिले तर सेलमधल्या जस्ताची खोडी काढतात आणि सेलमध्ये वायू धरतो, म्हणून शुद्धीकरण. आणि विजेने जो डायऑक्साइड पत्र्यावर साचतो त्याच्या स्फटिकांची रचना खाणीतल्यापेक्षा वेगळी, बॅटरीला अधिक उपयोगी असते. एकेक पायरी म्हणजे एकेक ‘का’.

पुढचे तर गणितच आहे. एक टन मँगनीज डायऑक्साइड साचवायला फॅरेडेच्या नियमाने ६ लाख १७ हजार अँपियर-तास लागतात. टाकीवर अडीच व्होल्ट धरले तर १,५४० युनिट, आणि तेही एक इलेक्ट्रॉन वाया न जाता. वीज बिलातला खरा आकडा याहून किती जास्त येईल आणि तो जास्तीचा खर्च कुठे जातो? त्याच एका टनामागे टाकीत १.१३ टन गंधकाम्ल परत तयार होते. ते फेकायचे नसते. पुन्हा खनिज विरघळवायला वापरायचे असते. म्हणजे प्रवाह गोल फिरतो. गोल फिरणाऱ्या प्रवाहात पोटॅशियमसारखी अशुद्धी, जी कुठल्याच पायरीवर पूर्ण निघत नाही, ती हळूहळू साचत जाते. किती साचू द्यायची? किती द्राव काढून टाकायचा? काढलेला द्राव कुठे जातो? ‘रिसायकल आणि पर्ज’ म्हणून हा प्रश्न दुसऱ्या वर्षाच्या स्टॉइकिओमेट्रीच्या पुस्तकात असतो. तिथे तो ‘अ’ आणि ‘ब’ या निनावी पदार्थांवर सुटतो आणि परीक्षेनंतर विसरला जातो. इथे त्याच्या दुसऱ्या टोकाला शेत आहे, ओढा आहे आणि बावनथडी नदी आहे.

आणखी एक. टाकीच्या एका पत्र्यावर डायऑक्साइड साचतो तेव्हा दुसऱ्यावर हायड्रोजन सुटतो, टनामागे साधारण २३ किलो. एवढासा आकडा वाटतो. त्याचे घनमीटर करून पाहायला सांगा. अडीचशेच्या वर जातात. वरचे पंखे बंद पडले तर?

आता संगणकाकडे येतो. मोठमोठ्या कंपन्यांत ॲस्पेन नावाचे जे सॉफ्टवेअर वापरतात त्याची सुरुवात १९७६ मध्ये एमआयटीतल्या एका प्रकल्पातून झाली. उत्तम साधन आहे, महागही आहे. पण वर्गात त्याचे काय होते ते मी पाहिले आहे. सरांनी दिलेल्या पानावरून कॉलम ओढून आणायचा, नळ्या जोडायच्या, आकडे भरायचे, बटण दाबायचे. गणित जुळल्याची खूण आली की प्रिंट काढायची. खूण आली म्हणजे उत्तर बरोबर, हा समज एकदा बसला की तो कारखान्यातही सोबत येतो, आणि तिथे तो महाग पडतो.

याची परीक्षा आमच्या जंगलातल्या मोहाने घेता येईल. मोहफुलांच्या दारूची भट्टी कशी असते हे या भागात कोणाला सांगावे लागत नाही, आणि कितीही वेळा उकळून धार काढली तरी पाणी पूर्ण सुटत नाही हेही त्या भट्टीवाल्याला अनुभवाने कळलेले असते. इथेनॉल आणि पाणी यांचे मिश्रण साध्या ऊर्ध्वपातनात वजनाने ९५.६ टक्क्यांच्या आसपास अडते. तिथे वाफ आणि द्रव दोन्हींची घडण सारखीच होते. आता विद्यार्थ्याला सांगा, सिम्युलेटरमध्ये हे मिश्रण ‘आदर्श’ धरून कॉलम चालव. कॉलम व्यवस्थित जुळतो. पायऱ्या वाढवत नेल्या की शुद्ध इथेनॉल वर येते, शंभर टक्क्यांच्या जवळ. खूण येते, प्रिंट निघते. संगणक साफ खोटे बोललेला असतो आणि त्याच्या चेहऱ्यावरची रेषही हललेली नसते. मग त्याच विद्यार्थ्याला म्हणा, मोहाची भट्टी लावणाऱ्याचे खरे की तुझ्या पडद्याचे, ते शोधून काढ. त्या दिवशी त्याला थर्मोडायनॅमिक मॉडेल निवडणे म्हणजे काय ते कळेल. नुसत्या व्याख्यानाने हे कळत नाही. ते कळावे म्हणून कितीजण किती वर्षे घसा कोरडा करतात ते आपण जाणता.

महागड्या परवान्याची अडचण आता पूर्वीसारखी राहिलेली नाही. डॅनियल मेडेइरोस या ब्राझीलच्या अभियंत्याने सुरू केलेले डीडब्ल्यूसिम हे सिम्युलेटर फुकट आहे, त्याचा कोड उघडा आहे. आयआयटी मुंबईचा फॉसी प्रकल्प, ज्याची उभारणी तिथल्याच केमिकल विभागातल्या प्रा. कन्नन मौद्गल्य यांनी केली, तो देशभरातल्या विद्यार्थ्यांकडून डीडब्ल्यूसिमवर प्रक्रियांचे फ्लोशीट करून घेतो, तपासतो, प्रसिद्ध करतो आणि त्यासाठी मानधनही देत आला आहे. त्यांच्याच स्पोकन ट्युटोरियलचे धडे मराठीतही आहेत. घरी साधा लॅपटॉप असलेल्या शेजारच्या गोबरवाहीच्या मुलीलाही हे जमण्यासारखे आहे.

याच मंडळींचा दुसरा एक उद्योग मला जास्त भावतो. लोखंडी पट्टीची एक छोटी तापणारी पेटी त्यांनी केली: तापवणारी तार, पंखा आणि तापमान मोजणारा संवेदक. पेटी पवईत, विद्यार्थी कुठेही. साय्लॅब या सॉफ्टवेअरमधून, इंटरनेटवरून तो ती पेटी चालवतो आणि तापमान ताब्यात ठेवायचा कार्यक्रम स्वतः लिहितो. यात गंमत अशी की त्या दिवशी पवईतल्या खोलीत जितके तापमान असेल त्याप्रमाणे उत्तर बदलते. मित्राच्या फाईलमधले रीडिंग चालत नाही. महोदय, आपल्याकडे प्रॅक्टिकलला रीडिंग ‘बसवायची’ जी कला मुलांना पहिल्याच वर्षी अवगत होते, ती मुलांच्या लबाडीतून आलेली नाही. उत्तर आधीच ठरलेले असते, म्हणून ती येते. ज्या प्रयोगाचे उत्तर सरांनाही ठाऊक नसते तिथे रीडिंग बसवून काय मिळणार?

डोंगरीच्या कारखान्याचे फ्लोशीट डीडब्ल्यूसिमवर करायला बसले तर एक अडचण येणार आहे, ती आधीच सांगून ठेवतो. ही साधने तेल, वायू आणि ऊर्ध्वपातनाच्या जगात वाढली. खनिज भाजण्याची भट्टी त्यांत जेमतेम जमेल. विरघळवण्याच्या टाकीला ओढाताण करावी लागेल. आणि विजेच्या टाकीचा आयता ठोकळा तर मिळणारच नाही. मला ही अडचण वाटत नाही, मला हे या कामाचे भाग्य वाटते. ठोकळा नाही म्हणजे तो लिहावा लागेल. पायथनमध्ये का होईना, विद्यार्थ्याला स्वतः ठरवावे लागेल की किती विद्युतप्रवाह, किती तापमान, किती आम्ल. टाकी ९० अंशांच्या वर का ठेवायची आणि ७०ला आणली तर काय बिघडते. टायटॅनियमच्या पत्र्यावर प्रवाह हावरटासारखा वाढवला तर पत्रा का रुसतो. मग एका टाकीचे खरे आकडे मागायला तो पुन्हा डोंगरीला येईल. आता मात्र त्याच्या हातात प्रश्न असेल, आणि पुढे चालणाऱ्या साहेबांनाही बोलायला उत्साह येईल. त्यांनाही वर्षानुवर्षे कोणी नीट काही विचारलेले नसते.

हे नवे नाही, असे कोणी म्हणेल. खरेच नाही. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात केमिकल इंजिनिअरिंगचे प्राध्यापक डोनाल्ड वूड्स यांनी १९७० च्या दशकात चार वर्षांच्या अभ्यासक्रमाची पाहणी केली. मुले तीन हजारांहून अधिक गणिते सोडवतात, वर्गात हजारभर सोडवलेली पाहतात, आणि तरी न पाहिलेला प्रश्न समोर आला की पहिल्या दिवशी होती तिथेच असतात, असे त्यांना दिसले. त्यातून त्यांचे प्रश्नाधारित शिक्षण उभे राहिले. त्याही आधी, १९१६ मध्ये, एमआयटीने केमिकलच्या विद्यार्थ्यांना थेट कारखान्यांत मुक्कामी पाठवायची ‘प्रॅक्टिस स्कूल’ काढली. पिलानीत बिट्सने १९७३ पासून आपली चालवली. शंभर वर्षांत पुन्हा पुन्हा हेच सिद्ध झाले आणि पुन्हा पुन्हा आपण ‘युनिट टेस्ट एक’, ‘युनिट टेस्ट दोन’कडे वळलो.

आपल्या प्राध्यापकांचे म्हणणे मला ऐकू येते. सिलॅबस संपत नाही. साठ मुलांचे साठ प्रश्न कोण तपासणार? कंपनी आकडे देणार नाही. पहिल्याला उत्तर: एका सत्रात, एका विषयाऐवजी, एवढाच एक कारखाना घ्या. मटेरियल बॅलन्स, उष्णता, अभिक्रिया, विद्युतरसायन, गाळणे, सुकवणे, खर्च, सारे त्यात आहे. दुसऱ्याला: साठ प्रश्न नकोत, सहा जणांच्या गटाला एक टाकी किंवा एक पायरी द्या, म्हणजे शेवटी दहा गटांचे आकडे एकमेकांशी जुळतात की नाही हे तेच भांडून ठरवतील. भट्टीवाल्या गटाने जितके मँगनीज पाठवले म्हटले तितके टाकीवाल्यांना मिळालेच पाहिजे. ते मिळणार नाही. तिथेच शिक्षण सुरू होते. तिसरी अडचण खरी आहे. कंपनी सगळे आकडे देणार नाही आणि देऊही नयेत. पण जे मिळत नाही त्याचा अंदाज कसा बांधायचा, तो किती टक्क्यांनी चुकू शकतो, आणि तो चुकला तर पुढच्या कोणत्या उत्तराला धक्का लागतो, हेच तर नोकरीत रोज करावे लागते. पाठ्यपुस्तकासारखे सगळे आकडे पदरात टाकणारा कारखाना मला तरी आजवर भेटलेला नाही.

गुणांचे काय, हा प्रश्न मात्र टाळता येणार नाही. गुण उत्तराला राहिले तर मुले उत्तरच शोधतील, आणि आता ते शोधायला चॅटबॉट आहेच. आधी काय गृहीत धरले, ते कशावरून, कुठे फसले, पुढे काय बदलले, याच्या वहीला गुण द्या. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकाऐवजी कारखान्यातला एक पाळीप्रमुख बसवा. तो इंग्रजीत विचारणार नाही, आणि बरेच होईल. २०२१ पासून एआयसीटीईने मराठीतून अभियांत्रिकीची वाट उघडली आहे, तर निदान हा शोध तरी मुलांना मराठीत, हवे तर आमच्या झाडीबोलीत करू द्या. अहवाल नंतर इंग्रजीत होईलच.

आपल्या व्यवसायाने सुरक्षेसाठी जी सर्वांत भरवशाची पद्धत घडवली, ती ‘हॅझॉप’, नुसत्या प्रश्नांचीच आहे. १९६० च्या दशकात आयसीआय या ब्रिटिश कंपनीत ती आकाराला आली. नळीनळीपाशी थांबून विचारायचे: प्रवाह आला नाही तर? जास्त आला तर? उलटा गेला तर? ज्या मुलांना चार वर्षे विचारायची सवयच लागली नाही, त्यांना नोकरीच्या पहिल्या महिन्यात या बैठकीत बसवले जाते आणि ती गप्प बसतात. २४ जानेवारी २०२५ रोजी आमच्याच जिल्ह्यात, जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत स्फोट होऊन कामगारांचे जीव गेले. तिथे काय घडले यावर बोलण्याचा अधिकार मला नाही. एवढेच सांगतो की या जिल्ह्यात ‘तर?’ हा प्रश्न कोणाला पुस्तकी वाटत नाही.

तेव्हा मागणे नेमके मांडतो. येत्या सत्रात तिसऱ्या वर्षाची एक तुकडी निवडा. मॉइलच्या मुख्यालयाशी, ते नागपुरातच आहे, आपल्या सहीने पत्रव्यवहार करा. विभागप्रमुखांच्या पत्राला उत्तर यायला फार वेळ लागतो. मुलांना एका दिवसासाठी नको, निदान एका आठवड्यासाठी पाठवा, आणि सत्राच्या सुरुवातीलाच, कोणी काही शिकवण्याआधी. प्रश्नांच्या वह्या घेऊन परत जाऊ द्या, लॅबमध्ये डीडब्ल्यूसिम आणि साय्लॅब घालून द्या, आणि सत्राच्या शेवटी त्यांना पुन्हा इथे आणा, आपले आकडे कारखान्यातल्या माणसांसमोर मांडायला. चुकलेल्या आकड्यांसकट. फ्लोशीट जमले तर फॉसीकडे पाठवा, म्हणजे डोंगरी बुजुर्गचा कारखाना पुढच्या वर्षी गुवाहाटीच्या नाहीतर तिरुचिरापल्लीच्या मुलाच्या पडद्यावर उघडेल.

वेळेबद्दल एक सूचना. जुलै-ऑगस्टमध्ये आणू नका. तेव्हा इथे रोवणी असते, गावात कोणाला फुरसत नसते आणि खदानीकडचे रस्ते चिखलाचे. मे महिन्यातली उघडी खदान तुमच्या पोरांना सोसायची नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरा. तुमसर रोडहून तिरोडीच्या लाइनवर गोबरवाही स्टेशन आहे, पण गाडीच्या वेळेवर सत्राचे वेळापत्रक बांधू नका, बसच आणा. राहायची सोय गावात जमेल तशी करू, जेवणाला भात आमच्या घरचा.

कळावे,

आपला,
एक केमिकल इंजिनिअर,
मुक्काम नाकाडोंगरी, तालुका तुमसर, जिल्हा भंडारा